गुलाबी सालीची पांढरी वाइन

कोशूचा पिकलेला घड हातात घेतला तर ही व्हाइट वाइनची जात आहे असं वाटत नाही. मणी टपोरे, साल जाड आणि रंग फिकट गुलाबी, उन्हाच्या बाजूला किंचित जांभळट. पण मणी चिरडला की आतून निघणारा रस जवळजवळ रंगहीन असतो. हा रस सालीपासून लगेच अलग केला तर साल कोणत्या रंगाची होती याचा वाइनमध्ये मागमूसही उरत नाही. जपानच्या यामानाशी प्रांतात शंभराहून अधिक वर्षं हेच चाललं. सालीतून कडवटपणा येतो, तुरटपणा येतो, म्हणून तो रसात उतरायच्या आत चोथा बाजूला काढायचा, ही तिथली रीत. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही वाइनकारांनी हा चोथा रसातच राहू देऊन पाहिला. त्यातून तांबूस झाक असलेली, जिभेला धरणारी एक वाइन निघाली. आज टोकियोत जपानी ऑरेंज वाइन मागितली तर पुढ्यात बहुधा तीच येते, नाहीतर डेलावेअर नावाच्या दुसऱ्या गुलाबी द्राक्षाची.

कोशूची ओळख करून घ्यायची तर ती अशी सालीसकट करून घ्यावी, असं माझं मत आहे. नेहमीची पारदर्शक कोशू सभ्य असते, कुठल्याही जेवणात खपून जाते. पण ती प्यायल्यावर तासाभराने काय प्यायलो हे आठवत नाही. सालीवर आंबवलेली कोशू आठवते. आवडली नाही तरी आठवते.

नाव ऑरेंज असलं तरी संत्र्याशी या वाइनचा संबंध रंगापुरताच. रेड वाइन करताना काळ्या द्राक्षांचा रस, साल आणि बिया एकत्र आंबवतात. व्हाइट वाइनसाठी घड दाबून रस काढून घेतात आणि नुसता रस आंबवतात. ऑरेंज वाइन करताना पांढऱ्या द्राक्षांना रेड वाइनची रीत लावली जाते. रोझेमध्ये उलटा प्रकार असतो, काळी द्राक्षं घ्यायची आणि त्यांना जवळपास व्हाइट वाइनसारखं वागवायचं. कोशू या वाटणीत नीट बसत नाही, कारण ती पुरती पांढरीही नाही आणि काळीही नाही. फ्रेंच भाषेत अशा मधल्या रंगाच्या द्राक्षांना ‘ग्री’, म्हणजे करडी, म्हणतात. पिनो ग्री त्याच गटातली.

साल रसात किती वेळ ठेवली यावर पुढचं बरंच काही ठरतं. आंबायला सुरुवात होण्याआधी, थंड रसात काही तासच साल ठेवली तर मुख्यतः सुगंध उतरतो. रंगात आणि तुरटपणात फारसा फरक पडत नाही. रस आंबू लागला की त्यात अल्कोहोल तयार होतो आणि हा अल्कोहोल साली-बियांतलं, तुरटपणा आणणारं टॅनिन पाण्यापेक्षा अधिक जोमाने ओढून काढतो. म्हणजे बाटलीवर नुसतं ‘स्किन कॉन्टॅक्ट’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ सहा तास असू शकतो, तसा सहा आठवडेही असू शकतो. दोन्ही वाइन्स एका जातीच्या, एका गावच्या असूनही एकमेकींना ओळख देणार नाहीत. विकणाऱ्याला विचारण्याजोगा पहिला प्रश्न हाच.

ही रीत जपानी नव्हे. जॉर्जियात जमिनीत पुरलेल्या क्वेव्री नावाच्या मातीच्या रांजणांत साल, बिया आणि रस एकत्र आंबवण्याची परंपरा फार जुनी आहे. २०१३ साली युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात, स्लोव्हेनियाच्या सरहद्दीला लागून असलेल्या ओस्लाविया गावात स्टान्को राडिकोन आणि योश्को ग्रावनेर या दोघांनी १९९० च्या दशकात ती आपल्या पद्धतीने पुन्हा हाती घेतली. ‘ऑरेंज वाइन’ हे नाव तर २००४ मधलं. डेव्हिड हार्वे या ब्रिटिश वाइन व्यापाऱ्याने ते रूढ केलं. पुढे द्राक्ष आणि वाइनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे ओआयव्हीने, २०२० साली अशा वाइनची व्याख्या केली आणि तीत साल किमान महिनाभर रसात राहिली पाहिजे अशी अट घातली. ही अट कसोशीने लावली तर बऱ्याच जपानी बाटल्या बाद होतील. काही दिवस ते दोन-तीन आठवडे, एवढ्यावर तिथले अनेक वाइनकार थांबतात. मला त्यात गैर काही वाटत नाही. कोशूची साल इतकी बोलकी आहे की तिला महिनाभर बोलू दिलं तर दुसऱ्या कुणाला संधीच मिळत नाही.

ही साल आली कुठून, हे सांगायला यामानाशीतल्या कात्सुनुमा गावात दोन कथा आहेत. पहिली कथा ग्योकी या बौद्ध भिक्षूची. ७१८ साली इथे साधना करत असताना त्याला हातात द्राक्षांचा घड घेतलेल्या भैषज्यगुरू बुद्धाचं दर्शन झालं, त्याने तशी मूर्ती घडवली, मंदिर उभारलं आणि गावकऱ्यांना द्राक्ष लावायला शिकवलं. ते दाइझेन-जी मंदिर आजही तिथे आहे आणि लोक त्याला द्राक्षमंदिरच म्हणतात. हाच ग्योकी पुढे ७३६ मध्ये भारतातून जपानला पोचलेल्या बोधिसेन या बौद्ध भिक्षूच्या स्वागताला नानिवा बंदरावर गेला होता. आपल्याकडे हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. दुसऱ्या कथेत ११८६ साली आमेमिया नावाच्या गावकऱ्याला रानात वेगळीच वेल दिसते आणि तो ती घरी आणून वाढवतो.

वनस्पतिशास्त्रज्ञांनी कोशूचा डीएनए तपासला तेव्हा निघालेली गोष्ट या दोन्ही कथांइतकीच रंजक आहे. कोशूचा सुमारे ७० टक्के वारसा व्हिटिस व्हिनिफेराचा, म्हणजे कॉकेशसपासून युरोपभर पसरलेल्या वाइनच्या द्राक्षाचा. उरलेला चीनमधल्या काटेरी रानद्राक्षाचा, व्हिटिस डेव्हिडीचा. पश्चिमेकडची वेल व्यापारी वाटांनी चीनपर्यंत आली, तिथल्या रानवेलीशी तिचा संकर झाला आणि ती संतती समुद्र ओलांडून जपानला पोचली, असा याचा अर्थ लावला जातो. व्हिनिफेरा वेलींना जपानची दमट हवा फारशी मानवत नाही. कोशू तिथे शतकानुशतकं टिकली यात रानवेलीकडून आलेल्या वारशाचा हात असावा. चाखणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की ज्या सालीने वेलीला पावसात तारलं तीच जाड साल वाइनमध्ये कडवट लागते.

पाऊस ही यामानाशीची कायमची काळजी. कोफूचं खोरं डोंगरांनी वेढलेलं असल्यामुळे जपानच्या मानाने कोरडं आहे, पण सप्टेंबरातली वादळं ऐन पिकण्याच्या काळात येतात. म्हणून तिथे द्राक्षं डोक्याच्या उंचीवर बांधलेल्या सपाट मांडवावर चढवतात. घड खाली लोंबतात, खालून वारा खेळतो, जमिनीतली ओल घडापर्यंत पोचत नाही. नाशिक-सांगलीकडच्या कुणाला हे चित्र समजावून सांगायची गरज नाही. मांडव आपल्याकडेही तेच काम करतो. यामानाशीत अनेक बागांत प्रत्येक घडावर मेणकागदाची टोपी चढवतात, पावसाचं पाणी घडात शिरू नये म्हणून. आपल्याकडे निर्यातीच्या द्राक्षाला कागद लावतात तो मणी गुलाबी पडू नयेत यासाठी. एका शेतकऱ्याचं नुकसान ज्या गुलाबी रंगाने होतं त्याच रंगावर दुसऱ्याची वाइन उभी आहे.

आणखी एक धागा इथे जुळतो. नाशिकचे बागाईतदार ज्या ‘जीए’च्या द्रावणात घड बुडवतात त्या जिब्रेलिनचा शोध जपानमध्ये लागला. भाताची रोपं वेड्यासारखी उंच वाढून कोलमडतात त्या रोगाचा छडा लावताना एइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये त्यामागे एका बुरशीचा स्राव असल्याचं दाखवलं. पुढे तेइजिरो याबुता यांनी तो पदार्थ वेगळा काढला. १९५० च्या दशकाअखेरीस जपानी शेतकऱ्यांनी तो डेलावेअर द्राक्षावर वापरला आणि बिनबियांचे घड मिळवले. याचा ऑरेंज वाइनशी थेट संबंध आहे. साली आणि बिया एकत्र आंबवायच्या असतील तर बियांतलं टॅनिनही वाइनमध्ये उतरतं. बीच नसेल तर तुरटपणा सालीपुरता राहतो. डेलावेअरची ऑरेंज वाइन बहुधा मऊ आणि फळाळ लागते त्याचं एक कारण हे. दुसरं कारण डेलावेअरचा अमेरिकी वारसा. तिच्या गोडसर, गोळ्या-चॉकलेटांच्या दुकानात येतो तशा वासाने काही जण हरखतात आणि काही जण ग्लास दूर सारतात. मी दुसऱ्यांतला, पण उन्हाळ्याच्या दुपारी तिचा राग येत नाही.

पुन्हा कोशूकडे. जपानमधली पहिली खासगी वाइन कंपनी कात्सुनुमात १८७७ साली निघाली आणि तिने मासानारी ताकानो आणि र्‍युकेन त्सुचिया या दोन तरुणांना फ्रान्सला धाडलं. ते त्र्वा शहराच्या परिसरात वेलींची निगा आणि वाइन बनवणं शिकले आणि १८७९ मध्ये परतले. त्यांनी आणलेली विद्या खरी होती, पण गिऱ्हाईक नव्हतं. जपानी माणसाला वाइन हवी होती ती गोड, औषधासारखी घोट-घोट घ्यायची. १९०७ साली बाजारात आलेल्या आकादामा या गोड पोर्ट वाइनने ती आवड पक्कीच केली. कोशू तोपर्यंत प्रामुख्याने खाण्याचं द्राक्ष होतं. विकून उरेल त्याची वाइन.

दुसऱ्या महायुद्धात तर वाइन ही निमित्तमात्र ठरली. द्राक्षांत टार्टरिक आम्ल असतं, त्यापासून रोशेल मीठ नावाचे स्फटिक बनवता येतात आणि ते तेव्हा पाणबुड्यांचा आवाज टिपणाऱ्या यंत्रांत लागत. नौदलाला ते हवे होते म्हणून सरकारने वाइन बनवायला उत्तेजन दिलं. आम्ल काढून घेतल्यावर उरलेली वाइन कशी लागत असेल याची कल्पना करवत नाही.

कोरडी, जेवणाबरोबर घेण्याजोगी कोशू मिळवण्याची खटपट १९८० च्या दशकात जोर धरू लागली. अडचण अशी की कोशूच्या रसात साखर कमी, वास अबोल आणि शेवटाला जराशी कडवट छटा. शातो मर्सियां कंपनीने फ्रान्सच्या म्युस्कादेमधली रीत उचलली. आंबवून झाल्यावर तळाशी बसलेला यीस्टचा गाळ काढायचा नाही, वाइन काही महिने त्याच्यावरच ठेवायची. त्याने अंगाला थोडा भरीवपणा येतो. मर्सियांने ही रीत स्वतःपुरती न ठेवता आसपासच्या वाइनरींना शिकवली. पुढचा टप्पा २००४ च्या हंगामात आला. बोर्दो विद्यापीठातले ताकातोशी तोमिनागा आणि डेनी द्युबुर्दियू यांच्या मदतीने कंपनीच्या संशोधकांना कोशूमध्ये सोव्हिन्यों ब्लांकसारखा लिंबूवर्गीय सुगंध देऊ शकणारी गंधकयुक्त संयुगं सापडली. द्राक्षात ती बद्ध स्वरूपात असतात, यीस्ट त्यांना मोकळं करतं. मग आजवर तो वास आला का नाही? एक कारण होतं बोर्डो मिश्रण. बुरशीसाठी वेलींवर फवारलेल्या मोरचुदातलं तांबं या संयुगांना धरून ठेवतं आणि वास हरवतो. फवारणीचं वेळापत्रक बदललं, तोडणी थोडी अलीकडे आणली आणि ‘किइरोका’ नावाची कोशू बाजारात आली. तिला द्राक्षफळाचा, म्हणजे ग्रेपफ्रूटचा, असा काही वास होता की अबोल म्हणून हिणवलेल्या द्राक्षाकडे लोक नव्याने पाहू लागले.

सुगंधाची ही मूळ संयुगं सालीत आणि सालीलगत अधिक असतात. साल टाकून देण्याची वस्तू आहे या समजुतीला प्रयोगशाळेतूनच असा तडा गेला. त्याच सुमारास मर्सियांने ‘ग्री द ग्री’ नावाने कोशू सालीसकट आंबवायला घेतली. यामानाशीतच १८८५ साली स्थापन झालेल्या ल्युमिएर वाइनरीची ऑरेंज कोशूही आज नावाजलेली आहे.

या सगळ्यांत मला सर्वाधिक ओढ आहे ती कोको फार्मच्या बाटलीची, आणि ती केवळ चवीमुळे आहे असा माझा दावा नाही. टोकियोच्या उत्तरेला तोचिगी प्रांतात आशिकागा गाव आहे. तिथे १९५८ साली नोबोरू कावादा या शिक्षकाने बौद्धिक अपंगत्व असलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन एका डोंगराची झाडी तोडली आणि द्राक्षं लावली. उतार सरासरी ३८ अंशांचा, म्हणजे उभं राहायचं तर पाय रोवावे लागतात. यंत्र तिथे चढत नाही, सगळं हाताने. कावळे हाकलण्यासाठी दिवसभर डबा वाजवत डोंगरावर उभं राहणं हेही तिथे कुणाचंतरी ठरलेलं काम असे, आणि ते मन लावून केलं जाई. १९८० मध्ये वाइनरी उभी राहिली. १९८९ मध्ये अमेरिकेतून ब्रूस गटलव्ह हा वाइनतज्ज्ञ सल्ला द्यायला आला आणि वर्षानुवर्षं राहिला; नंतर होक्काइदोत त्याने स्वतःची वाइनरी काढली. या कोको फार्मची कोशू ‘एफ.ओ.एस.’ या आद्याक्षरांनी विकली जाते: फर्मेंटेड ऑन स्किन्स, सालीवर आंबवलेली. जपानी ऑरेंज वाइनच्या आरंभीच्या बाटल्यांत तिची गणना होते. द्राक्षं यामानाशीची, आंबवणं नैसर्गिक यीस्टचं. सालीची कटकट वाटण्याऐवजी तिच्यातच काही गंमत आहे हे ज्यांना सुचलं त्यांच्याकडे वेळखाऊ, हाताने करायच्या कामाची सवय आधीपासून होती, हे मला ध्यानात घेण्याजोगं वाटतं.

आता ग्लासाकडे येऊ. सगळ्यात मोठी चूक होते ती तापमानात. व्हाइट वाइन म्हणून बाटली फ्रिजमधून काढून तशीच ओतली की टॅनिन अधिक बोचरं होतं, वास गोठतो आणि हाती फक्त कडवटपणा येतो. १२ ते १४ अंश सेल्सियस हे ठीक. मुंबई-पुण्याच्या हवेत फ्रिजमधून काढल्यावर वीसेक मिनिटं धीर धरला तरी काम होतं. ग्लास मध्यम पोटाचा असावा.

रंग आधी पांढऱ्या कागदावर धरून बघावा. कोशूच्या ऑरेंज वाइनमध्ये पिवळ्याबरोबर एक तांबूस झाक असते, जी जॉर्जियाच्या किंवा ओस्लावियाच्या वाइनमध्ये सहसा दिसत नाही. ती सालीतल्या गुलाबी रंगद्रव्यांची. ही द्रव्यं मुळात थोडी आणि फार टिकणारीही नव्हेत. त्यांच्याबरोबर उतरलेली फिनॉल वर्गातली संयुगं हवेशी संयोग पावून पिवळी-तपकिरी होतात. त्यामुळे तरुण बाटली गुलाबीकडे झुकते आणि जुनी होत गेलेली तपकिरीकडे. गढूळपणा दिसला तर घाबरू नये, भुलूही नये. वाइन गाळलेली नाही एवढंच तो सांगतो.

वास घेताना सुरुवातीला काहीच हाती लागत नाही असं वाटण्याची शक्यता आहे. कोशू सालीवर आंबवली तरी वासाने मोठ्या आवाजाची होत नाही. थोड्या वेळाने युझु किंवा मोसंब्याच्या सालीचा, सुकवलेल्या पर्सिमनचा, काळ्या चहाचा आणि कधी लवंगेकडे झुकणारा वास येतो. पारदर्शक कोशूमधलं ताजं लिंबू इथे वाळलेलं असतं.

खरी गोष्ट घोट घेतल्यावर सुरू होते, आणि इथे दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. कडवटपणा ही चव आहे, जिभेवरच्या स्वादकलिका ती टिपतात. तुरटपणा मुख्यतः स्पर्श आहे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ, गाल, हिरड्या एकमेकांना खरखरीत लागतात. जांभळं खाल्ल्यावर तोंड ओढलं जातं ते याच कारणाने. कोशूच्या ऑरेंज वाइनमध्ये दोन्ही असतात, पण वेगवेगळ्या वेळी. आधी आंबट रस पुढे येतो, मग गालांच्या आत खडूसारखा बारीक तुरटपणा पसरतो आणि गिळून झाल्यावर मागे कडवट छटा राहते. चांगल्या बाटलीत ती छटा मोसंब्याच्या पांढऱ्या अस्तरासारखी असते, स्वच्छ आणि लवकर मिटणारी. वाईट बाटलीत ती औषधासारखी घशात अडकून बसते. ही वाइन चाखताना तोंडात पाच-सहा सेकंद फिरवावी, गिळावी आणि मग गप्प बसून दहापर्यंत मोजावं. तिच्याबद्दलचं मत त्या दहा आकड्यांत बनवावं, पहिल्या वासावर बनवू नये.

तुलनेसाठी दोन बाटल्या शेजारी ठेवता आल्या तर एकदा करून बघण्यासारखं आहे. एक गाळावर ठेवलेली नेहमीची कोशू, दुसरी सालीवर आंबवलेली. शक्य तर एकाच वाइनरीच्या. नेहमीची आधी प्यावी, कारण तुरट वाइननंतर ती पाण्यासारखी लागते. कात्सुनुमात हे करायला सोपं आहे. तिथल्या टेकडीवरच्या ‘बुदो नो ओका’ या नगरपालिकेच्या केंद्रात तळघरात शंभरहून अधिक स्थानिक वाइन्स मांडलेल्या असतात. वर पैसे भरून धातूची उथळ वाटी विकत घ्यायची आणि खाली जाऊन हवी ती वाइन चाखायची. ही वाटी मूळची फ्रेंच, अंधाऱ्या तळघरात मेणबत्तीच्या उजेडात वाइनचा रंग दिसावा म्हणून बनवलेली. ऑरेंज कोशूचा तांबूसपणा तिच्यात झकास दिसतो. वास मात्र सगळा उडून जातो, म्हणून आवडलेली बाटली वर येऊन ग्लासात पुन्हा चाखावी.

ऑरेंज वाइन आणि नॅचरल वाइन या दोन गोष्टींची आजकाल गल्लत होते, आणि त्यात नुकसान पिणाऱ्याचं होतं. साल रसात ठेवणं ही एक कृती. बाहेरचं यीस्ट न घालणं, सल्फाइट न वापरणं हे दुसरे निर्णय. कुणी दोन्ही करतो, कुणी एकच. सल्फाइट अजिबात नसलेल्या बाटलीत बिघाड होण्याचा धोका वाढतो. नखांचं पॉलिश काढायच्या द्रवासारखा झोंबरा वास आला तर जिवाणूंनी आपलं काम जास्तच केलेलं असतं. दुसरा दोष अधिक लबाड आहे, त्याला इंग्रजीत उंदराचं नाव आहे. तो नाकाला कळतच नाही, कारण वाइनच्या आम्लतेत त्याची संयुगं उडत नाहीत. गिळल्यावर तोंडात लाळ मिसळते, आम्लता उतरते आणि मग उंदराच्या पिंजऱ्याचा वास मागून येतो. काही माणसांना तो मुळीच जाणवत नाही, त्यामुळे एकाच टेबलावर एक जण तोंड वाकडं करतो आणि दुसरा पुन्हा ग्लास भरतो. कुणी सांगितलं की ही या वाइनची खासियत आहे, तर ऐकून घ्यावं आणि दुसरी बाटली मागवावी.

ऑरेंज कोशू एकटी पिण्यापेक्षा जेवणाबरोबर जास्त खुलते, याला कारणं आहेत. टॅनिनला धरायला प्रथिनं आणि स्निग्धांश मिळाले की ते लाळेला सोडतं. तेम्पुराच्या तेलाने, याकितोरीच्या, म्हणजे सळईवर भाजलेल्या कोंबडीच्या, चरबीने तुरटपणा मऊ होतो. मीठ कडवटपणाला दाबतं. उमामी ही चव मात्र उलट वागते. नुसत्या कोम्बू या समुद्रशेवाळाच्या सूपाबरोबर किंवा सोया न लावलेल्या मशरूमबरोबर वाइन अधिक कडू लागू शकते. पण जपानी स्वयंपाकात उमामीबरोबर मीठ बहुतेक वेळा असतंच, सोया सॉस आणि मिसो दोन्ही खारट, त्यामुळे हिशेब जुळतो. यामानाशीचं घरगुती जेवण म्हणजे ‘होतो’ नावाचा पदार्थ: मिसोच्या रश्शात शिजवलेल्या जाड, चपट्या नूडल्स आणि भोपळा. भोपळ्याची गोडी, मिसोचा खारटपणा आणि सालीची तुरट वाइन हे त्रिकूट मला सुशीच्या जोडीपेक्षा उजवं वाटतं.

सुशीची गोष्ट निघालीच आहे तर एक संशोधन सांगायला हवं. मासळीबरोबर काही वाइन्स प्यायल्या की तोंडात उग्र हिवस वास उठतो. लोक दोष रेड वाइनच्या टॅनिनला देत आले. मर्सियांच्या संशोधकांनी सुकवलेल्या शिंपल्यांबरोबर कित्येक रेड आणि व्हाइट वाइन्स चाखून पाहिल्या आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला की गुन्हेगार लोह आहे. वाइनमध्ये विरघळलेलं लोह जास्त असेल तर मासळीतल्या स्निग्धाम्लांशी त्याची झटपट प्रक्रिया होते आणि तो वास तयार होतो; लोह बांधून टाकणारा पदार्थ घातला की वास कमी होतो. लोह माती, धूळ, उपकरणं अशा अनेक वाटांनी येऊ शकतं, त्यामुळे नुसत्या रंगावरून काही सांगता येत नाही. म्हणून ऑरेंज वाइन तुरट आहे एवढ्यावरून तिला माशापासून दूर ठेवायचं कारण नाही. बाटलीतला एक घोट आणि माशाचा एक तुकडा, एवढीच परीक्षा पुरते.

खरेदी करताना लेबलवर ‘निहोन वाइन’ हे शब्द आहेत का ते बघावं. ऑक्टोबर २०१८ पासून लागू झालेल्या नियमांनुसार फक्त जपानमध्ये पिकलेल्या द्राक्षांपासून जपानमध्येच बनवलेल्या वाइनला ते लावता येतात. त्याआधी आयात केलेला द्राक्षरस वापरूनही ‘देशी’ वाइन विकली जात असे. प्रांताचं किंवा जातीचं नाव लिहायचं तर किमान ८५ टक्के द्राक्षं त्या प्रांतातली किंवा त्या जातीची हवीत. ‘जीआय यामानाशी’ लिहिलेलं असेल तर ती भौगोलिक मानांकनाच्या कसोटीला उतरलेली; वाइनसाठी जपानने दिलेलं ते पहिलं मानांकन, २०१३ सालचं.

बाटली एका बैठकीत संपवायची घाई नको. टॅनिन आणि फिनॉलं हवेचा मारा काही काळ झेलतात, त्यामुळे बूच लावून फ्रिजमध्ये ठेवलेली ऑरेंज कोशू दुसऱ्या दिवशी बहुधा अधिक मोकळी लागते, तिसऱ्या दिवशीही पिण्याजोगी असते. आणि ग्लास हवाच असंही नाही. कात्सुनुमातल्या जुन्या घरांत वाइन साकेच्या १.८ लिटरच्या मोठ्या बाटलीत यायची आणि चहाच्या कपात ओतली जायची. काही वाइनरी अजूनही ती बाटली भरतात. पारदर्शक कोशू कपात बिचारी हरवून जाते. सालीवर आंबवलेली मात्र तिथेही आपलं म्हणणं सोडत नाही, कारण तिची अर्धी ओळख नाकापेक्षा गालांना आणि हिरड्यांना कळणारी आहे.